पाणी किती उतरवायचं: बोस्के देल अपाचे आणि आपले मामा तलाव

लेकाकडे-लेकीकडे अमेरिकेत गेलेल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या मंडळींना ग्रँड कॅन्यन आणि यलोस्टोन दाखवतातच. धानपट्ट्यातल्या माणसाने मात्र न्यू मेक्सिकोतलं बोस्के देल अपाचे बघायला हवं. रिओ ग्रांदे नदीकाठचं हे वन्यजीव आश्रयस्थान १९३९ सालचं. अल्बुकर्कीहून दक्षिणेला गाडीने साधारण दीड तास.

हिवाळ्यात तिथे हजारो सँडहिल क्रौंच उतरतात. आपल्या सारसाचा हा जवळचा भाऊबंद. उंचीने कमी, रंगाने राखाडी, कपाळ लाल. सारस जोडीने बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या शेतात) चरतो, हे थव्यांनी. रात्री मात्र दोघेही उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. कोल्ह्या-कुत्र्याची चाहूल पाण्याच्या आवाजाने आधीच लागते.

आपण निसर्ग म्हणून बघतो ती तिथली बरीचशी तळी माणसाने भरलेली असतात. नदीचं पाणी पाटाने आणून बांध घातलेल्या तुकड्यांत सोडतात, आणि सगळी कसब आहे ती पाणी काढण्यात. वसंतात दोन-तीन आठवडे घेऊन ते हळूहळू उतरवतात. चिखल ओला राहतो, ऊन लागतं आणि त्यात पडून असलेलं सावा, लव्हाळा असल्या गवतांचं बी उगवतं. उन्हाळ्यात गरजेपुरतं पाणी देतात, बी पिकलं की शरदात पुन्हा भरतात. भरतात तेही बेतानेच. तलवार बदक डोकं खाली, शेपूट वर करून चरतं. पाणी फूटभराच्या वर गेलं की तळाचं बी त्याच्या चोचीला लागत नाही.

घाईने पाणी काढून टाकलं तर चिखल वरून वाळून फाटतो, हवं ते बी उगवत नाही आणि काटेरी तण माजतं. उलट वर्षभर पाणी तुंबवून ठेवलं तर पाणकणीस सगळी जागा खातं, बदकांना उतरायला मोकळं पाणी उरत नाही. मग तुकडा कोरडा करून ट्रॅक्टरने डिस्क फिरवावी लागते. शिवाय मका पेरतात आणि हिवाळ्यात तो थोडाथोडा आडवा करत जातात. पक्ष्यांचं पोट तिथेच भरावं, शेजारच्या शेतकऱ्याच्या पिकात त्यांनी जाऊ नये, हा हिशोब. (अशा बऱ्याच आश्रयस्थानांत ठरल्या हंगामात बदकांची शिकारही चालते. १९३४ पासून शिकाऱ्याला ‘डक स्टॅम्प’ म्हणजे बदकाचं तिकीट घ्यावं लागतं आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी घेतात. आपल्याला विचित्र वाटेल, पण बरीच जमीन त्यामुळे वाचली.)

आता मामा तलाव, म्हणजे आपल्याकडचे जुने माजी मालगुजारी तलाव. धानाला पाणी लागलं की तुडूम (पाळीतलं पाणी सोडायचं दार) उघडतं, आणि हिवाळाभर काठ हळूहळू उघडा पडत जातो. म्हणजे पाणी उतरवण्याचं काम इथे शेतीच करते, डिझेल न जाळता. पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) समोरची बाजू उताराची असल्याने घोटाभर पाण्याचा पट्टा रोज थोडा आत सरकतो, आणि चिखल चिवडणारे पक्षी त्याच्या मागे सरकतात. हा पट्टा आपण जेसीबीने मारतो. गाळ काढताना काठ उभा कापला की तलावात पाणी भरपूर दिसतं, पण तुतवारासारख्या चिखलात चरणाऱ्या पक्ष्याला पाय टेकायला जागा नसते. खोदायचं तर पाळीजवळच्या खोलगट भागात खोदा, उतार तसाच राहू द्या. काठावर माजणारं बेशरमाचं झुडूप वरून कापू नका, पुन्हा फुटतं. मुळासकट उपटून कोरड्या जागी वाळवा. ओल्या चिखलात पडलेला तुकडाही मूळ धरतो.

बघायला जायचं तर बोस्केला नोव्हेंबर अखेर ते जानेवारी, सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोचावं. तेव्हा पारा शून्याखाली असतो. मोजे, टोपी, हातमोजे लागतातच. गाडीतून उतरू नये. पक्षी गाडीला फारसे बुजत नाहीत, चालत्या माणसाला लगेच बुजतात. आपल्या तलावावर सकाळी पूर्वेच्या बाजूने जा, म्हणजे ऊन पाठीवर राहतं आणि रंग नीट दिसतात.

सारसाचं घरटं पावसाळ्यात, रोवणी (धानाची लावणी) झालेल्या बांधीतही असतं. अंडी बहुधा दोन, उबवायला सुमारे महिना. फोटोसाठी धुरा (शेताचा बांध) ओलांडू नका. आणि बांधी तुमची असेल तर तेवढा महिना घरट्याभोवतीचं पाणी काढून टाकू नका. ते आटलं की कुत्री थेट घरट्यापर्यंत जातात.