बिस्किट आणि बुडबुडे

फ्रान्समधल्या रँस शहरी, दुपारी तीनच्या सुमारास, माझ्यासमोर शॅम्पेनचा पेला आला आणि शेजारच्या बशीत पिठीसाखर भुरभुरवलेली दोन गुलाबी बिस्किटे. तळापासून निघालेली बुडबुड्यांची एक बारीक माळ पेल्यात सरळ वर चढत होती. वाढणाऱ्या बाईंनी सांगितले की बिस्किट शॅम्पेनमध्ये बुडवून खायचे, ही इथली जुनी रीत. चहात बिस्किट बुडवून हात चांगला बसलेला असल्यामुळे मी बेफिकिरीने टोक बुडवले, तर सगळा पेला त्या टोकाभोवती फसफसून उठला, आणि मला मामा आठवले.

लहानपणी ताप उतरल्यावर तोंडाला चव नसायची, तेव्हा मामा सोड्याच्या पेल्यात चार बेदाणे टाकून तो माझ्या उशाशी ठेवत. बेदाणे आधी तळ गाठत, मग त्यांच्या सुरकुत्यांना बुडबुडे चिकटत, पुरेसे चिकटले की एखादा बेदाणा डुलत डुलत वर येई आणि वर बुडबुडे फुटताच पुन्हा खाली जाई. कोणाचा बेदाणा आधी वर येतो, यावर आमची पैज असे. मामा नेहमी सर्वांत सुरकुतलेला बेदाणा निवडत आणि नेहमी जिंकत. आजारी भाच्याला एकदा तरी जिंकू द्यावे, असे त्यांना कधी वाटले नाही.

शॅम्पेनच्या पेल्यातही मामांचेच शास्त्र चालते. अगदी स्वच्छ, गुळगुळीत काचेवर बुडबुडा उगवत नाही. पेला पुसताना मागे राहिलेला कापडाचा एखादा तंतू आणि त्याच्या पोकळीत अडकलेली हवा त्याला लागते. म्हणजे ज्या माळेकडे पाहून आपण हरखतो, ती मुळात धुण्यापुसण्यातली कसर असते. रँसच्याच विद्यापीठातले झेरार लिजे-बेलेर यांनी या बुडबुड्यांच्या अभ्यासात वर्षे घालवली, आणि पेला न पिता नुसता ठेवला तर त्यातून सुमारे १० लाख बुडबुडे निघतात, असा त्यांचा हिशेब आहे. पेला न पिता ठेवण्याइतका संयम मात्र शास्त्रज्ञालाच जमावा.

मी प्यालो. आधी हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा, मग लिंबाची साल, आणि घोट गिळल्यावर मागाहून येणारा भाजलेल्या पावाचा वास, जो बाटलीत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या मृत यीस्टची देणगी असतो. मग बिस्किटाचा एक गोड घास घेऊन पुन्हा प्यालो, तर तीच शॅम्पेन एकदम आंबटढाण आणि चिडचिडी झाली. दोष तिचा नव्हे. आज ज्या शॅम्पेनवर ‘ब्रूत’ असे लिहिलेले असते, तिच्यात लिटरमागे १२ ग्रॅमहून कमी साखर असते. एकोणिसाव्या शतकात मात्र ती चांगली गोड असे आणि गोडाशेजारी शोभे. रँसमधल्या एका शॅम्पेन कंपनीच्या मालकीण मादाम पोमेरी यांनी १८७४ च्या द्राक्षांची कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली शॅम्पेन इंग्रज गिऱ्हाइकांसाठी काढली, आणि पुढे हळूहळू सगळ्यांची जीभ तिकडे वळली. वाइन बदलली, बशी तीच राहिली.

म्हणूनच केक कापून झाल्यावर ब्रूत ओतणाऱ्या यजमानांविषयी माझे मत फारसे बरे नाही. तिला सोबत हवी ती खारट, तळलेल्या किंवा लोण्यासारख्या स्निग्ध पदार्थांची. समुद्रातली कालवे (ऑयस्टर) तिला शोभतात हे सर्वमान्य आहे. पण मला विचाराल तर मीठ लावलेल्या, कुरकुरीत तळलेल्या बटाट्याच्या काचऱ्या त्यांच्याही वरचढ, कारण प्रत्येक घोट जिभेवरचे तेल खरवडून नेतो आणि हात आपोआप पुढच्या काचरीकडे जातो. त्या दुपारी काचऱ्या नव्हत्या. बाईंनी शाउर्स नावाचे चीज आणून ठेवले, शॅम्पेनच्याच परगण्यातले, कडेला सालीलगत वितळू लागलेले आणि मध्यभागी खडूसारखे भुरभुरीत. शॅम्पेनच्या बाटल्या जमिनीखाली खडूच्याच जुन्या खाणींत निजलेल्या असतात, हे आठवून मी उगाच एक तुकडा जास्त घेतला. आता आंबटपणा कुठल्या कुठे गेला आणि भाजक्या पावाचा वास पुढे आला.

या आनंदात मी दुसरे बिस्किट पेल्यातच विसरलो. पाहिले तेव्हा त्याचा अर्धा भाग तुटून तळाशी गेला होता आणि चहूबाजूंनी त्याला बुडबुडे चिकटत होते. मी बराच वेळ वाट पाहिली. ते काही वर आले नाही. शेवटी चमचा मागवून तो गुलाबी लगदा खाल्ला, आणि चवीविषयी बाईंनी विचारले तेव्हा ‘छान’ म्हणालो.