पावसाळ्यातली कडी

मे महिन्यात बोटाने ढकललं तरी मिटणारं जुन्या घराचं दार जुलैत खांदा लावल्याशिवाय चौकटीत बसत नाही. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि कडी अर्ध्यावर अडते. गोव्यात ज्याने चार पावसाळे असलं दार ओढलंय, त्याला बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल निम्मी समजलेली असते. बोल्ट म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाला लावलेली कडीच. मूठ वर उचला, मागे ओढा, पुढे सारा, खाली पाडा. फरक एवढाच, की बार उडतो तेव्हा ३०८ नावाच्या काडतुसात चौरस इंचाला ६२,००० पौंडांपर्यंत दाब चढतो आणि तो दोन-तीन बोटभर लोखंडी कंगोऱ्यांनी पेलायचा असतो. मोटारीच्या टायरमध्ये आपण तीस-बत्तीस भरतो.

हा विषय निघतो तो बहुधा परदेशातून आलेल्या फोनमुळे. आपल्याकडे हरणाची शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे आणि ते बरंच आहे. मेरू म्हणजे सांबर, आणि चितळ बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन बघावं, भेकराचं भुंकणं रानाकडेच्या घरात बसून ऐकावं. सत्तरी तालुक्यात कुणाच्या माळ्यावर ठासणीची बंदूक असली तर ती शेत राखायला, आणि निवडणूक लागली की तीही पोलिस ठाण्यात जमा करायची. पण वाळपईचा भाचा न्यूझीलंडला नोकरीला गेलेला असतो. तिथे हरिण मूळचं नाहीच, बाहेरून आणून सोडलेलं. त्याला खाणारं जनावर नाही, ते रानाचं कोवळं सगळं ओरबाडतं, म्हणून परवाना काढून त्याची शिकार करता येते. उत्तर बेटावर तर श्रीलंकेहून नेलेलं सांबरही आहे. भाचा बंदुकीचं लायसन्स काढतो, दुकानात जातो, गोंधळतो आणि रात्री फोन करतो, "मामा, पहिली रायफल कुठची घेऊ?"

मामाची सगळी हयात दारू ठासण्यात गेलेली. तरी त्याला विचारणं चुकीचं नाही, कारण प्रश्न वाटतो तितका आकड्यांचा नसतो.

दुकानात मात्र काडतुसांचे आकडेच समोर येतात: २४३, सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर, सेव्हन एमएम झीरो-एट, ३०८, २७०, थर्टी-ऑट-सिक्स. ह्यांतला शेवटचा १९०६ चा आणि क्रीडमूर २००७ ची, आणि हरणाला दोहोंतला फरक कळत नाही. गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात, ते आपल्या सोनाराला विचारावं. एका गुंजेत जवळपास दोन ग्रेन, आणि १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. सेव्हन एमएम झीरो-एटची १४० ग्रेनची गोळी पाऊण तोळ्याच्या किंचित वर. मध्यम हरणाला ती दोनशे मीटरपर्यंत पुरून उरते. २४३ चा धक्का थर्टी-ऑट-सिक्सच्या साधारण निम्मा, म्हणून नवख्याला ती गोड वाटते, पण गोळी हलकी असल्याने मोठ्या नराला लावताना जागा अचूकच साधावी लागते. मॅग्नम, म्हणजे जादा दारूचं काडतूस, असं नाव असलेल्या कुठल्याही गोष्टीकडे पहिल्या वर्षी बघूच नये. मधला रस्ता सेव्हन एमएम झीरो-एट किंवा ३०८. ३०८ ची काडतुसं आडगावच्या दुकानातही मिळतात, आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ह्या गुणापुढे बाकीचे गुण फिके पडतात.

धक्क्याचं गणित वजनाशी बांधलेलं आहे. डोंगर चढायचा म्हणून अडीच किलोची रायफल घेतली तर चढताना सुख आणि चाप ओढताना शिक्षा. दुर्बिणीसकट साडेतीन किलोच्या आसपास असावी. धक्क्याची भीती एकदा बसली की चाप ओढण्याआधी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो आणि गोळी खाली जाते, आणि माणूस रायफलला दोष देतो. ह्याची परीक्षा सोपी आहे. रेंजवर सोबत्याला काडतूस भरायला सांगावं, कधी खरं, कधी नकली, न सांगता. नकलीवर नळीचं तोंड बुडालं तर चोर सापडला.

मग कडी. रायफल हातात घेतल्यावर प्रथम ती रिकामी आहे हे नजरेने बघावं, शिवाय करंगळीने चाचपावं. त्यानंतर डोळे मिटून बोल्ट वीस वेळा मागेपुढे करावा. फिनलंडच्या टिक्काचा बोल्ट तेल लावलेल्या खणासारखा सरकतो आणि मूठ जेमतेम ७० अंश उचलावी लागते, त्यामुळे बोटं दुर्बिणीवर आपटत नाहीत. जपानी होवा जरा जड, पण मजबूत आणि खिशाला सोसणारी. माउझरने १८९८ साली बसवलेली मूळ बैठक आजच्या बहुतेक बोल्टांत कुठे ना कुठे दिसते, तेव्हा नावीन्याच्या जाहिरातींना फार भुलू नये. नवख्याची ठरलेली चूक म्हणजे बोल्ट हळुवारपणे, अर्धाच मागे ओढणं. पुढचं काडतूस उचललंच जात नाही, कडी रिकाम्या घरावर, म्हणजे काडतूस बसायच्या नळीतल्या जागेवर, बंद होते आणि हरणासमोर नुसतं 'टक्' होतं. कडी ओढायची ती ठाम, पार शेवटापर्यंत. डावखुऱ्याने डावा बोल्टच मागावा, उजव्यावर भागवू नये.

मापही तिथेच घ्यावं. चापापासून दस्त्याच्या खांद्याला टेकणाऱ्या टोकापर्यंत ३४ सेंटीमीटर हे नेहमीचं अंतर. पणजीच्या शर्टात जी रायफल बेताची वाटते ती तिथल्या जाड जाकिटावर लांब होते, म्हणून दुकानात जाकीट घालूनच जावं. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, मग उघडायचे. दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला तर माप जुळलं. मान लांबवावी लागली तर दुसरी रायफल बघावी.

दस्त्यापाशी पुन्हा आपलं फुगलेलं दार आठवावं. अक्रोडाचा दस्ता देखणा, पण चार दिवस पावसात राहिला तर लाकूड सरकून नळीला टेकतं, आणि टेकलेली नळी सोमवारी एकीकडे मारते, गुरुवारी दुसरीकडे. शंभराची नोट नळी आणि दस्त्याच्या फटीत घालून मागे सरकवावी, न अडकता आली पाहिजे. भिजणार हे ठरलेलंच असेल तर प्लास्टिकचा दस्ता आणि स्टेनलेसची नळी. जुन्या माणसांना हे जोडकाम रुचत नाही, पण गंज सौंदर्यदृष्टी जाणत नाही. नळीच्या तोंडावर विजेच्या चिकटपट्टीचा तुकडा लावला की पाऊस आत जात नाही. न्यूझीलंडात सायलेन्सर उघड दुकानात मिळतो, सिनेमातल्या खलनायकाची मक्तेदारी नाही. कान वाचतात, धक्का कमी होतो. पण लांबी वाढते, म्हणून नळी वीस इंचांची पुरे. आणि काम झाल्यावर तो काढून ठेवायचा, नाहीतर आतला ओलावा नळीच्या तोंडालाच गंज आणतो.

दुर्बिणीवर मात्र हात आखडू नये. रायफलीला घातले तेवढेच पैसे तिला. तीन ते नऊ पट, चाळीस मिलिमीटरचं भिंग, एवढी पुरते. डोळा आणि काच ह्यांत नऊ सेंटीमीटर अंतर हवं. ते चुकलं की धक्क्यासरशी दुर्बिणीची कड भुवईवर येते आणि कपाळावर रेखीव चंद्रकोर उमटते, काही महिने टिकणारी. दुर्बीण धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू दोन न्यूटन-मीटरच्या आत, आळीपाळीने आवळायचे. कमी आवळले तर दुर्बीण सरकते, जास्त आवळले तर तिची नळी चेपते. नेम हरवल्याच्या निम्म्याअधिक तक्रारी ह्या स्क्रूंपाशी संपतात.

नेम जुळवताना आधी २५ मीटरवर, आणि इथे बोल्ट उपयोगी पडतो: तो काढून घ्यायचा, नळीतून निशाणाचा ठिपका मधोमध बघायचा आणि रायफल न हलवता दुर्बीण त्यावर आणायची. मग १०० मीटरवर तीन-तीन गोळ्या, मध्ये नळी गार होऊ द्यायची, कारण तापलेल्या नळीवर जुळवलेला नेम थंड सकाळी चुकतो. दुर्बिणीवरच्या फिरकीची एक टिचकी तिथे नेम साधारण सात मिलिमीटर सरकवते. गोळ्या पाच सेंटीमीटर वर बसल्या की दोनशे मीटरच्या आसपास पुन्हा रेषेवर येतात. एकाच कंपनीची, एकाच वजनाची दोन खोकी त्यासाठी बाजूला ठेवावीत. खोकं बदललं की नेमही बदलला असं धरावं. साफ करताना नळीत तेल उरलं तर पहिली गोळी भलतीकडे जाते, म्हणून निघण्याआधी कोरडी चिंधी फिरवावी.

चालताना काडतुसं मॅगझिनमध्ये, घर रिकामं. झुडपात हललेलं ते काय आहे आणि त्यामागे काय आहे, दोन्ही दिसल्याशिवाय कडी पुढे सारायची नाही. हरणाच्या ऐन मोसमात, मार्च-एप्रिलात, तिथल्या रानात नराची डरकाळी हुबेहूब काढणारी माणसंही फिरत असतात.

आणि घरी आल्यावर बोल्ट काढून एका कुलपात, रायफल दुसऱ्या, काडतुसं तिसऱ्या. मामाला हे तिन्ही कुलुपांचं ऐकून हसू येतं. त्याच्या माळ्यावरची ठासणीची एका खिळ्याला टांगलेली आहे, आणि खालचं दार जुलैपासून नीट लागत नाहीये.