ग्रेपला न सापडलेलं गाव

२९ सप्टेंबर १९९३ ची रात्र. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात मी यूजनेटचा, म्हणजे संगणकांवरच्या चर्चागटांच्या जाळ्याचा, सर्व्हर सांभाळायचो. घरी निघण्याआधी ‘फिंगर’ ही दूरच्या संगणकाकडून माहिती मागवणारी आज्ञा देऊन भूगर्भ सर्वेक्षण खात्याकडची भूकंपांची ताजी यादी बघायची सवय होती. त्या रात्री एक ओळ दिसली: ग्रीनविच वेळ २२:२५, अक्षांश १८.१, रेखांश ७६.५. साडेपाच तास मिळवले, पहाटेचे चार वाजायला आले होते. मी सोलापूरचा. हा आकडा आपल्या पूर्वेला, औसा-उमरग्याकडे पडतो, हे नकाशा न उघडताच कळलं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गावं झोपलेली असणार.

वेब तेव्हा नावालाच होतं. बातम्या यायच्या क्लॅरीनेटवरून. ब्रॅड टेम्पलटननी १९८९ मध्ये सुरू केलेली ही सेवा युनायटेड प्रेस इंटरनॅशनल (यूपीआय) या वृत्तसंस्थेच्या तारा यूजनेटच्या गटांमध्ये टाकायची. विद्यापीठ वर्गणी भरायचं, आणि बातमी बाहेर कुणाला पाठवायला मनाई होती. प्रत्येक बातमी ही डिस्कवरची वेगळी फाइल, फाइलचं नाव म्हणजे नुसता क्रमांक. त्यामुळे ‘ग्रेप’ ही शब्द शोधणारी आज्ञा चालवून हजारो बातम्यांत एखादा शब्द काही सेकंदांत शोधता यायचा. ग्रंथालयात येणारी भारतातली वर्तमानपत्रं शिळी असायची, रेडिओला प्रश्न विचारता यायचा नाही. इथे विचारता यायचा. मला या गोष्टीचा फार अभिमान होता.

जागा मात्र कायम अपुरी. रोज पहाटे ‘एक्स्पायर’ नावाचा प्रोग्रॅम जुन्या फाइली पुसायचा. कुठला गट किती दिवस ठेवायचा हे मी ठरवायचो. नवी डिस्क मागितली तर साहेबांनी दोनदा नाही म्हटलं. चित्रांचे गट लवकर पुसले की तक्रारींचा पाऊस पडायचा, बातम्या पुसल्या तर कुणी चकार शब्द काढत नसे. म्हणून चित्रांना चार दिवस आणि क्लॅरीला दोन. सेटिंगमधली ती ओळ माझ्याच हातची.

शुक्रवारी संध्याकाळी उमरगा तालुक्यातला एक विद्यार्थी आला. दोन दिवस फोन लागत नव्हता. “दादा, आमच्या गावाचं काही आलंय का?” आजी, चुलते, सगळे तिकडेच. दगडमातीच्या जाड भिंतींचं माळवदाचं घर. त्याला जवळ बसवून मी शोध सुरू केला. किल्लारीचीच बातम्यांत वेगवेगळी स्पेलिंगं होती, म्हणून त्याच्या गावाचंही व्ही घालून, डब्ल्यू घालून, ए वाढवून, एच घालून पाहिलं. गावाचं नाव दोन शब्दांचं, ते जोडूनही पाहिलं. काहीच नाही.

“नाही आलेलं,” मी म्हणालो. पाठीवर हात ठेवला. तो रडला, हसला, आणि तिथेच बसून डेट्रॉइटच्या मामेभावाला ईमेल लिहिली: आपलं गाव वाचलं.

रविवारी जेवताना लक्षात आलं. ग्रेप एका वेळी एकच ओळ बघतो. वृत्तसंस्थेचा मजकूर ठरावीक रुंदीच्या ओळींत तोडलेला असतो. नावाचा पहिला शब्द एका ओळीच्या शेवटी आणि दुसरा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला आला असेल, तर मी केलेल्या शोधांपैकी एकालाही ते दिसलं नसतं. नुसता दुसरा शब्द शोधला असता तरी पुरलं असतं. तसाच उठून गेलो. गुरुवारच्या बातम्या पुसल्या गेल्या होत्या. क्रमांकांची यादी आता शुक्रवारपासूनच सुरू होत होती.

आठव्या दिवशी पुण्याहून फोन आला. आजी आणि दोन चुलतभाऊ गेले होते. एव्हाना दहावेळा ऐकलेला ‘गाव वाचलं’ हा निरोप त्याच्या आईपर्यंतही पोचला होता.

त्या बातम्यांत गावाचं नाव होतं की नव्हतं, हे आता कुठल्याच यंत्रावर तपासता येत नाही. सोमवारीच मी क्लॅरीचे दोन दिवस चौदा केले आणि चित्रांचा एक दिवस. तक्रारी आल्या, साहेबांनी बोलावलं, मी बदललं नाही.

महिन्याभराने तो भेटला. “दादा, तुम्ही नीट बघितलं होतं ना?”

मी हो म्हणालो. तुटलेल्या ओळीचं त्याला अजून सांगितलेलं नाही.