बिल्ड मशीन: साडेपाच तासांचं भूत एकदाचं सापडलं

डेबियन लिनक्सची पॅकेजं (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) बांधणाऱ्या माझ्या मशीनचं मागच्या वेळचं रडगाणं आठवत असेलच. रात्री एसबिल्डची (पॅकेज बांधणाऱ्या प्रोग्रॅमची) रांग सुटते आणि सकाळी बघावं तर ॲप्ट अपडेटलाच, म्हणजे पॅकेजांची यादी ताजी करायच्या पायरीलाच, सगळी पॅकेजं आडवी. लॉगमध्ये एकच ओळ, रिलीज फाइल (त्या यादीची तारीख असलेली फाइल) अजून वैध नाही, आणखी ५ तास २६ मिनिटं बाकी. कधी अडायचं, कधी गुमान चालायचं.

आता ५ तास २६ मिनिटं वाचून आपल्या माणसाला काय आठवणार? यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि आपली वेळ, यांच्यातला साडेपाच तासांचा फरक! या डब्यावर (बिल्ड मशीनवर) आधी विंडोज होतं, म्हणजे हार्डवेअर घड्याळ विंडोजच्या सवयीनं लोकल टाइमवर राहिलं असणार. दोन रात्री टाइमझोन उकरण्यात गेल्या. मग संशय ॲप्ट-कॅशर-एनजीवर, म्हणजे माझ्या रास्पबेरी पाय या छोट्या कम्प्युटरवर उतरवलेली पॅकेजं साठवणाऱ्या प्रोग्रॅमवर. पायवरचा सगळा कॅश उडवला. शेवटी फायरवॉल उतरवून एमएमडिबूटस्ट्रॅप या साधनानं क्रूट (बिल्डसाठीची वेगळी, छोटी डेबियन) नव्यानं बांधलं आणि चाललं की! मी खूश. चार दिवसांनी परत तेच, पण या वेळी आकडा २ तास ४० मिनिटं. टाइमझोनची थिअरी तिथंच मेली. त्या दुपारी लाईट गेली होती, हे तेव्हा कुठं डोक्यात आलं.

लाईट नसताना घड्याळ चालवणारा मदरबोर्डवरचा सेल काढून मल्टिमीटर लावला. १.१ व्होल्ट. पाहिजेत ३.

पण सेल मेलाय तर तारीख कुठल्या कुठं मागं जायला हवी ना? इथंच फसलो. टाइमसिंकडी (लिनक्समधला वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) दर मिनिटाला वेळ डिस्कवर नोंदवतं आणि बूट होताना तीच उचलतं. त्यामुळं तारीख बरोबर दिसते, घड्याळ मात्र लाईट नव्हती तेवढं मागं. सिड या डेबियनच्या सतत बदलणाऱ्या आवृत्तीची रिलीज फाइल दिवसातून ४ वेळा बदलते. ती आपल्या मागं पडलेल्या घड्याळापेक्षा नवी निघाली की ॲप्ट अडतं, नाहीतर सुटतं.

मग इंटरनेटवरून वेळ का दुरुस्त होत नव्हती? कारण अस्मादिक. एका पॅकेजच्या टेस्ट चोरून नेटवर जात होत्या म्हणून मीच फायरवॉलमध्ये पायचा ३१४२ पोर्ट (ॲप्ट-कॅशर-एनजीचा) सोडून सगळं बंद केलं होतं. एनटीपीसकट, म्हणजे नेटवरून वेळ जुळवायच्या वाटेसकट. क्रूटच्या दिवशी फायरवॉल उतरवली तेवढ्यात घड्याळ जुळलं, आणि श्रेय क्रूटनं खाल्लं.

आता पायवर क्रोनी (वेळ पुरवणारा प्रोग्रॅम) बसवलंय, एनटीपीचा यूडीपी १२३ पोर्ट फक्त त्याच्यासाठी उघडा, आणि टाइम-वेट-सिंक चालू करून बिल्डचं युनिट टाइम-सिंक टार्गेटच्या मागं लावलंय, म्हणजे वेळ जुळल्याशिवाय बिल्ड सुरूच होत नाही. ऑनलाइन मागवलेला सेल नवाकोरा २.७ निघाला, असल्या वस्तू मागवूच नका. लातूरच्या गंजगोलाई बाजारात घड्याळवाल्याकडे गेलो. “वजनकाट्याचा का रिमोटचा?” म्हटलं, कम्प्युटरचा. “मग मदरबोर्डचा म्हना की!” ३.२ व्होल्ट, समोर मोजून.

एक धाकधूक होती, चुकीच्या घड्याळावर बांधलेल्या पॅकेजांची. ती परत बांधली, डेब फाइलींचे (तयार पॅकेजांचे) हॅश, म्हणजे ठसे, तंतोतंत तेच. डीपीकेजी (डेबियनचं पॅकेजांचं साधन) वेळ चेंजलॉगमधून (पॅकेजच्या बदलांच्या नोंदीतून) घेतं, घड्याळाला विचारत नाही. दोन वेळा चहा झाला त्या आनंदात.

पुढचा बेत डबा इन्व्हर्टरवर घ्यायचा होता. आई म्हणाली, “तुझ्या डब्यापायी माझा पंखा बंद करू का?” पण हे लिहिता लिहिताच सुचतंय, रांगच पायवर का नको? डेबियनमध्येही वाना-बिल्ड हा प्रोग्रॅम कामांची यादी सांभाळतो, बांधणाऱ्या मशीनवरचा बिल्डडी नुसतं काम उचलतो. पाय इन्व्हर्टरवर आहेच. लाईट आली की तो वेक-ऑन-लॅननं (नेटवर्कवरून मशीन चालू करायच्या सोयीनं) डब्याला उठवेल. आज रात्री बायॉसमध्ये तो पर्याय आहे का बघतो.