तुम्ही विचारलंत म्हणून: उत्तर माहीत असताना प्रश्न काढायला एवढा वेळ का लागतो?

गणेशोत्सवातली प्रश्नमंजूषा असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाची कोजागरी, सामान्यज्ञानाचे प्रश्न काढायची जबाबदारी ज्यांच्यावर येते ते हमखास विचारतात: "उत्तरं तर पुस्तकात तयार आहेत. मग पन्नास प्रश्नांना चार-चार दिवस कशाला लागतात?"

उत्तर शोधायला पाच मिनिटं पुरतात. वेळ जातो तो प्रश्नाला कुंपण घालण्यात. विचारलेल्या शब्दांना एकच उत्तर लागू पडलं पाहिजे आणि दुसरं कुठलंही उत्तर घेऊन उठणाऱ्याला पटेल असं कारण तुमच्याजवळ हवं. भर कार्यक्रमात होणारे वाद बहुतेक वेळा उत्तरावरून नसतातच. प्रश्नातल्या एखाद्या सैल शब्दावरून ते पेटतात.

"भारतातला पहिला चित्रपट कोणता?" हा नेहमीचा प्रश्न घ्या. उत्तरपत्रिकेत 'राजा हरिश्चंद्र', १९१३ असं लिहिलेलं असतं. पण ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या, म्हणजे भारतात 'दाखवलेला' पहिला चित्रपट तिथे आला. १८९९ मध्ये सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. ते रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रीकरण होतं, कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली होती. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्याच कोरोनेशनमध्ये ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला, पण त्याचा निमंत्रितांसाठीचा खेळ २१ एप्रिललाच ऑलिंपिया थिएटरात झाला होता. तेव्हा 'पहिला' या एका शब्दाच्या पोटात चार उत्तरं आणि 'प्रदर्शित' या शब्दाच्या पोटात दोन तारखा आहेत.

मग दुरुस्ती कशी करायची? आधी 'चित्रपट'ऐवजी 'पूर्ण लांबीचा भारतीय कथापट' असं लिहायचं. त्याने ल्युमिएर आणि सावेदादा बाहेर गेले. 'श्री पुंडलिक' मात्र अजून दारात उभाच आहे, कारण त्याला कथापट म्हणायचं की नाही यावर अभ्यासकांचं एकमत नाही. अशा वेळी 'पहिला' हा शब्दच सोडून द्यावा. "दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईतल्या कोणत्या चित्रपटगृहात लागला?" या प्रश्नात तारीख, शहर आणि दिग्दर्शक आपणच देऊन टाकले आहेत. उरलं ते एकच नाव, कोरोनेशन. प्रश्न थोडा अवघड झाला, पण निर्दोष झाला. आणि तो मूकपट होता हे विसरून त्यालाच 'पहिला मराठी चित्रपट' ठरवणारा प्रश्न तर काढूच नये. त्यातल्या पाट्या इंग्रजी, हिंदी आणि मराठीत होत्या.

रेल्वेचंही असंच. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला ३४ किलोमीटर गेलेली गाडी ही पहिली 'प्रवासी' गाडी. मद्रासजवळच्या रेड हिल्सला दगड वाहणारी रेल्वे त्याआधीच, १८३७ मध्ये चालली होती. 'प्रवासी' हा शब्द गाळला की रेड हिल्सवाला उठतो, आणि तो बरोबर असतो.

'सर्वांत मोठा', 'सर्वांत उंच', 'सर्वांत वेगवान' या शब्दांना दोन खुंट्या लागतात: कशाने मोजायचं आणि कुठल्या हद्दीत. एव्हरेस्ट समुद्रसपाटीपासून सर्वांत उंच आहे. नेपाळ आणि चीनने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलेली उंची ८८४८.८६ मीटर. पायथ्यापासून मोजलं तर हवाई बेटावरचा मौना केआ १०,००० मीटरच्या वर जातो, कारण त्याचा पायथा समुद्राच्या तळाशी आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं तर एक्वादोरचा चिंबोराझो पुढे जातो, कारण विषुववृत्तापाशी पृथ्वी फुगीर आहे. 'समुद्रसपाटीपासून' हा एक शब्द घातला की तिन्ही वाद मिटतात. आपल्याकडे तर "सह्याद्रीतलं सर्वोच्च शिखर कोणतं?" असं विचारून कळसूबाई हे उत्तर धरतात. कळसूबाई १६४६ मीटर आहे आणि ती महाराष्ट्रात सर्वोच्च आहे. पश्चिम घाटाची अख्खी रांग धरली तर मान केरळातल्या २६९५ मीटरच्या अनाईमुडीचा. 'महाराष्ट्रातलं' एवढं लिहा, भागलं.

प्राण्यांच्या प्रश्नांत माध्यम सांगावं लागतं. 'सर्वांत वेगवान प्राणी' म्हटलं की चित्ता आठवतो, पण बहिरी ससाणा सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. 'जमिनीवर धावणारा' हे दोन शब्द इथे कुंपणाचे. विज्ञानात परिस्थिती सांगावी लागते. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं ते समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला. साधारण दर ३०० मीटर चढल्यावर उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो, म्हणून सुमारे १३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं आणि डाळ शिजायला वेळ घेते. आणि 'एकमेव' हा शब्द दिसला की लेखणी थांबवावी. लोणारचं विवर बेसाल्टमधलं 'जगातलं एकमेव' आघाती विवर म्हणून सर्रास छापलं जातं. ब्राझीलमध्येही बेसाल्टवर अशी विवरं आहेत. लोणारचं मोठेपण त्याने कमी होत नाही, फक्त तो शब्द टिकत नाही.

आता तारखा. मराठी माणसाने काढलेल्या इतिहासाच्या प्रश्नांत सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश सांगावंसं वाटतं.

शकाचं इसवी सन करताना सगळे ७८ मिळवतात. चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत ते साधारणपणे चालतं. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ चा राज्याभिषेक घ्या: १५९६ अधिक ७८, म्हणजे १६७४. बरोबर. पण माघ आणि फाल्गुन इंग्रजी वर्ष उलटल्यावर येतात, तिथे ७९ मिळवावे लागतात. शिवजन्माची, राज्य शासनाने मान्य केलेली तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. ७८ मिळवले तर १६२९ येतं, आणि एक वर्षाची चूक उत्तरपत्रिकेत जाऊन बसते. १५५१ अधिक ७९, म्हणजे १६३०. पौष सर्वांत त्रासाचा, कारण तो बहुधा डिसेंबरात लागतो आणि जानेवारीत संपतो. तिथे तिथीच पाहावी लागते. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ ची. ती तिथी १४ जानेवारीला पडली, म्हणून इथेही ७९, आणि साल १७६१.

या पानिपतात आणखी एक खड्डा आहे. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते, म्हणून "१७६१ च्या मकरसंक्रांतीला कोणती लढाई झाली?" असा प्रश्न काढायचा मोह होतो. पण संक्रांत एकाच तारखेला चिकटून बसत नाही. ती सुमारे ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते. अडीचशे वर्षं मागे गेलं तर १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास होते. पानिपतावर संक्रांत कोसळली हे बोलण्यात शोभतं, कारण दुःख तेवढं मोठं होतं. प्रश्नपत्रिकेत मात्र १४ जानेवारी हीच तारीख द्यावी.

तिसरी गोष्ट पंचांग कुठलं. १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या, जुलियन पद्धतीची तारीख आहे. ग्रेगोरियन हिशेबाने ती १ मार्च येते. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही जुलियनच. इंग्रजांनी १७५२ मध्ये पद्धत बदलली: २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. म्हणून पानिपतची तारीख नव्या पद्धतीची आहे. दोन पद्धती एकाच प्रश्नात मिसळल्या की गोंधळ होतो. "गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला" हे त्याचं ठळक उदाहरण. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२, ही तारीख नवी. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२, ही जुनी. ती नव्यात आणली की ४ जानेवारी १६४३ होते आणि ही सुंदर जुळणी विरघळून जाते.

काही उत्तरं दुधासारखी नासतात. शनीचे उपग्रह किती, याचं जुन्या पुस्तकातलं उत्तर आज चालणार नाही. मार्च २०२५ मध्ये १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळाली आणि आकडा २७४ झाला. भारताची किनारपट्टी आपण ७५१६ किलोमीटर पाठ केली होती. नव्या मोजणीत ती ११,०९८ किलोमीटर भरली. किनारा वाढला नाही. जाडसर नकाशावर जी खाडी सरळ रेषेत उडी मारून ओलांडली जायची, ती बारीक नकाशावर आत-बाहेर मोजली गेली. जिल्ह्यांची नावं बदलली, महाराष्ट्राच्या राज्यचिन्हांत २०१५ मध्ये ब्लू मॉर्मन हे फुलपाखरू आलं, २०२० मध्ये पांढरी चिप्पी हे कांदळवनाचं झाड आलं, २०२३ मध्ये पापलेट आलं. अशा प्रत्येक प्रश्नाशेजारी उत्तर कधी तपासलं तो महिना आणि साल लिहून ठेवावं, आणि सहा महिन्यांहून जुनं असेल तर पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नये. स्थिर प्रश्न हवा असेल तर साल बांधून टाका: "१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झालं तेव्हा त्यात किती जिल्हे होते?" २६. हे उत्तर आता कोणी बदलू शकत नाही.

पाठ्यपुस्तकाबाहेर पसरलेल्या काही समजुती प्रश्नात घेऊच नयेत. हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ, हिंदी ही राष्ट्रभाषा, चीनची भिंत चंद्रावरून दिसते. सरकारने कुठलाही खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही, संविधानात राष्ट्रभाषा हा दर्जाच नाही, आणि भिंत लांब असली तरी रुंदीला काही मीटरच आहे. राजभाषेबद्दल विचारायचंच असेल तर कलमासकट विचारा: "संविधानाच्या कलम ३४३ नुसार संघराज्याची राजभाषा आणि लिपी कोणती?" हिंदी, देवनागरी. वादाला जागा उरत नाही.

पर्यायांबद्दल थोडं. चारही पर्याय एकाच जातीचे असावेत. राज्यफुलाच्या प्रश्नात ताम्हण, मोगरा, पळस, सोनचाफा ठीक. ट्युलिप घातलं की एक पर्याय फुकट गेला. आणि ताम्हणासोबत जारूळ चुकूनही घालू नका, दोन्ही एकच झाड. आकड्यांचे पर्याय चढत्या क्रमाने लावा. बरोबर पर्याय सर्वांत लांबलचक असतो ही खोड बहुतेक सगळ्यांच्या हातात असते. लिहून झाल्यावर नुसती लांबी पाहत एकदा नजर फिरवली की ती सापडते.

तोंडी फेरीत कानाचा विचार करावा. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे माईकवर सारखेच ऐकू येतात. साल एकदा शब्दांत आणि लगेच एकेक आकडा सुटा वाचावा: सोळाशे चौऱ्याहत्तर, एक, सहा, सात, चार. उत्तरपत्रिकेत 'हेही चालेल' असा वेगळा रकाना हवाच. एव्हरेस्टला सगरमाथा आणि चोमोलुंग्मा चालेल. १८५३ ची गाडी 'सीएसएमटी'वरून सुटली असं कोणी म्हणालं तर? आजची इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा उत्तर बोरीबंदरच. पण सीएसएमटी मान्य करायचं की नाही हे आदल्या दिवशी ठरवून लिहून ठेवा, माईक हातात असताना नव्हे.

पन्नास प्रश्न लागणार असतील तर सत्तर-ऐंशी काढा. प्रत्येक उत्तर एकमेकांवरून न उतरवलेल्या दोन ठिकाणी जुळलं पाहिजे. दोन संकेतस्थळांवर शब्दन् शब्द तोच मजकूर असेल तर ते एकच ठिकाण धरा. मग विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्याला नुसते प्रश्न वाचायला द्या आणि त्याला एवढंच सांगा, की प्रत्येक प्रश्नाला दुसरं उत्तर शोधून दाखव. पंधरा-वीस प्रश्न तिथेच गळतात, आणि ते गळायलाच हवेत.

बरोबरी सुटायला मात्र जवळच्या आकड्याचा प्रश्न राखून ठेवा, म्हणजे नेमकं उत्तर कोणालाच येत नसलं तरी निकाल लागतो. "मुंबईच्या राजाबाई टॉवरची उंची किती फूट?" २८०. एकक प्रश्नातच सांगा, नाहीतर एक संघ ८५ लिहील, मीटर मनात धरून, आणि तोही बरोबर असेल. दोन्ही संघांनी एकाच वेळी कागदावर लिहून द्यायचं. एकाने २७० आणि दुसऱ्याने २९० लिहिलं तर काय, हेही आधीच ठरवा: खरा आकडा न ओलांडणारा जिंकला, असा नियम प्रश्न वाचण्यापूर्वी जाहीर करून टाका.