मुळासकट, मातीसकट

गांजा लावल्याचा खटला संपला, माझे अशील असलेले आजोबा सुटले. निकालपत्रात ज्या मुलीचा एका अक्षरानेही उल्लेख नाही, तिच्यासाठी हे लिहिते आहे. आजोबांना विचारून लिहिते आहे. गाव, वय, आकडे ओळख पटणार नाही इतपत बदलले आहेत. बेळगावजवळचा खानापूर तालुका तेवढा खरा.

गरजूंना मोफत वकील देणाऱ्या कायदा सेवा प्राधिकरणाच्या यादीवर वकील म्हणून माझं नाव असल्यामुळे केस माझ्याकडे आली. एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं, नाव काढलं की वकिलांच्या बारमधले बरेच ज्येष्ठ हात झटकतात. गांजाच्या केसेस चालवल्या तर शिक्का बसतो म्हणतात. खुनाच्या केसेसनी मात्र नाव होतं! मला याची चीड आहे, कारण या कायद्यात आरोपीला सगळ्यात जास्त गरज चांगल्या वकिलाचीच असते.

महजर, म्हणजे जप्तीचा पंचनामा, कन्नडात होता. आजोबांना कन्नड बोललेलं थोडंफार कळतं, वाचता येत नाही. खाली त्यांची मराठीत थरथरती सही. मजकूर असा: परड्यात मिरचीच्या वाफ्याकडेला गांजाची नऊ झाडं, सहा फुटांच्या आसपास, मुळासकट उपटून पोत्यांत भरली, वजन 22 किलो 400 ग्रॅम.

बाहेरच्या माणसाला हा आकडा नुसता आकडा वाटेल. गांजाची 'व्यापारी मात्रा' 20 किलोंच्या वर सुरू होते. त्या रेषेच्या वर गेलात की शिक्षा किमान दहा वर्षं, आरोपपत्राची मुदत 180 दिवस, आणि कलम 37 आडवं येतं. म्हणजे आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे, अशी न्यायाधीशांची आधी खात्री पटली पाहिजे, मगच जामीन. रेषेच्या खाली राहिलात तर हे काहीच नाही. ते 22 किलो 400 ग्रॅम मुळं, मुळांना चिकटलेली माती, मनगटाएवढी खोडं आणि पावसाने भिजलेली पानं धरून होते. काटा गावातल्याच किराणा दुकानातून आणलेला.

कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तर बी आणि पानं त्यात धरत नाहीत. व्याख्या 1985पासून पुस्तकात आहे. तरीही दर खेपेला आख्खं झाड पोत्यात आणि पोतं काट्यावर. शेंडे खुडून वेगळे तोलायला अर्धा तास लागला असता. तो अर्धा तास कुणी देत नाही, आणि त्याची किंमत एक म्हातारा हिंडलग्याच्या तुरुंगात बसून मोजतो. पुढे कलम 52-अ खाली मॅजिस्ट्रेटसमोर यादी करताना तीच पोती पुन्हा तोलली, तेव्हा झाडं वाळून वजन 7 किलोंच्या आत आलं होतं. सरकारी वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा 2020चा हिरा सिंग निकाल पुढे केला: अमली पदार्थात दुसरं काही मिसळलं असेल तर एकूण वजन धरायचं. मी म्हटलं, तो निकाल मिश्रणाचा आहे. खोड हे शेंड्यात कुणी मिसळलेलं नाही, ते झाडाला उगवलेलं आहे. जामीन त्याच मुद्द्यावर झाला. त्या युक्तिवादाचा मला आजही अभिमान आहे.

पण त्याआधीची तुरुंगातली पहिली भेट डोक्यातून जात नाही. मी कागद काढायच्या आतच आजोबा म्हणाले, "मीच लावलो बाई. खोटं कशाला सांगू? नातीसाठी लावलो."

नात सहा वर्षांची. तान्ही असल्यापासून फिट. दोन औषधं चालू होती, व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम, तरी एकेका दिवशी चार-चार झटके. धाकट्या मुलाने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला: परदेशातली एक मुलगी, गांजाच्या तेलाने झटके थांबलेले. आजोबांना झाड ओळखीचं होतं, बी कुठून मिळतं तेही ठाऊक. पानं खोबरेल तेलात मंद आचेवर कढवायची, फडक्याने गाळायची, रात्री दुधातून चार थेंब. "जजसाहेबांना सांगा की हे," ते म्हणाले. "त्यांनाही नातवंडं असतील."

मी त्यांना सांगितलं, हे कोर्टात एकदाही बोलायचं नाही.

कारण सरळ होतं. कलम 20(अ) खाली विनापरवाना लागवड हाच गुन्हा, एका झाडाचीही, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. 'मी लावलो' म्हटलं की तो शाबीत. वर बाल न्याय कायद्याचं कलम 77: डॉक्टरच्या आदेशाशिवाय मुलाला अमली पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. पानाच्या तेलाला अमली पदार्थ म्हणायचं की नाही यावर मी भांडले असते, पण ते भांडणच नको होतं. प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटका, तेही नाही, कारण कलम 33ने ती वाट अठरा वर्षांखालच्यांना आणि दोन किरकोळ कलमांनाच ठेवली आहे. व्यसनी माणसाला याच कायद्यात उपचाराची सवलत आहे. उपचारासाठी झाड लावणाऱ्यासाठी काही नाही. आणि कलम 8 मात्र सांगतं, वैद्यकीय व शास्त्रीय कारणाखेरीज मनाई. वैद्यकीय कारण कायद्याच्या पोटातच आहे, फक्त ते परवान्याच्या वाटेनेच यावं लागतं.

ओळख न देता मी बेळगावातल्या एका मेंदूविकारतज्ज्ञांना विचारलं. ते रागावले नाहीत, त्यांनी समजावून सांगितलं. सिद्ध झालेलं औषध म्हणजे झाडातून शुद्ध केलेलं कॅनाबिडिऑल. अमेरिकेत 2018च्या जूनमध्ये त्याला मंजुरी मिळाली, तीही द्रावे आणि लेनॉक्स-गास्टो या दोन अवघड अपस्मारांसाठी. त्याने नशा होत नाही. मात्रा मुलाच्या वजनावर मिलिग्रॅममध्ये. क्लोबाझामसोबत दिलं तर गुंगी वाढते, व्हॅल्प्रोएटसोबत यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. ही मुलगी नेमकी हीच दोन औषधं घेत होती. परड्यातल्या झाडात नशेचा अंश किती, कॅनाबिडिऑल किती, कुणाला माहीत? मग त्यांनी एक प्रश्न विचारला, तो मला अजून छळतो: "झटके कमी झाले, की पोर नुसती झोपून राहिली, हे घरच्यांना कसं कळणार?"

सुनेने भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक झटक्याला एक फुली केली होती. तेलाच्या महिन्यांत फुल्या खरंच कमी होत्या. पण त्याच सुमारास क्लोबाझामचा डोसही वाढवला होता. त्या कॅलेंडरवरून काहीच सिद्ध होत नाही. आजोबांसाठी तो सगळ्यात मोठा पुरावा होता. मी ते घरीच ठेवायला सांगितलं.

म्हणजे खटल्यात खोटं कुणीच बोललं नाही, आणि खरं काय ते कुणीच बोललं नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात एक ओळ: नमुना गांजाचा आहे. कोणत्या भागाचा, किती अंशाचा, काही नाही. साक्षीपुराव्यानंतर न्यायाधीशांनी दुभाष्यामार्फत विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे का?" आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची पूर्ण तयारी होती. मी मान हलवली, आणि ते म्हणाले, "न्हाई."

सुटका कशावर झाली, तर पहाणी पत्रकावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर. ज्या सर्व्हे नंबरातलं परडं, तिथे चार भावांची नावं सामाईक, त्यातले दोन पुण्याला. झाडं कुणाच्या ताब्यात होती हे सरकार पक्षाला दाखवता आलं नाही. त्यात दोनही पंच फिरले.

गांजा कायदेशीर करावा की नाही यावर आमची कॉलेजची पोरं तावातावाने वाद घालतात. जर्मनीत 1 एप्रिल 2024पासून प्रौढाला घरी तीन झाडं लावता येतात, हे त्यांना पाठ असतं. थायलंडने 2022मध्ये मोकळीक दिली आणि 2025मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणली, हे कुणी सांगत नाही. मला सरसकट मोकळीक नको आहे. रविवारी रस्त्याकडेला धुरात बसलेली पोरं मीही बघते. पण दुसऱ्या बाजूची कंपन्यांची भाषा मला तितकीच टोचते. उत्तराखंडने 2018मध्ये कमी नशेच्या भांगेच्या लागवडीला वाट करून दिली, त्यानंतर सगळी चर्चा धागा, बाजारपेठ आणि महसुलाची. भांगेच्या पानापासून केलेली 'विजया'ची आयुर्वेदिक तेलं वैद्याच्या चिठ्ठीवर कुरिअरने घरपोच येतात, चिठ्ठी फोनवरच मिळते. पानाची भांग एनडीपीएसमध्ये बसत नाही, असं आमच्याच कर्नाटक उच्च न्यायालयाने 2022च्या ऑगस्टमध्ये एका जामिनाच्या आदेशात म्हटलं आहे. पान तेच, तेलही तेच. बाटलीवर लेबल असलं की औषध, स्टीलच्या डब्यात असलं की पुरावा. कलकत्त्यात ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने 1839मध्ये झटके येणाऱ्या एका तान्ह्या बाळाला याच झाडाचा अर्क दिला होता आणि ते लिहूनही ठेवलं. तेव्हापासून प्रश्न तोच आहे, किती द्यायचं आणि कुणाच्या देखरेखीखाली. आपण मात्र अजून पोती तोलतो आहोत.

निकालानंतर आजोबा कोर्टाच्या पायऱ्यांवर थांबले आणि म्हणाले, "बाई, लायसन काढून लावता येतंय काय?" कलम 10 म्हणतं, राज्य सरकार परवानगी देऊ शकतं. पण त्यांच्या हातात द्यावा असा अर्जाचा नमुना माझ्याकडे नव्हता. मी त्यांना त्या मेंदूविकारतज्ज्ञांचा नंबर दिला आणि नातीला घेऊन जायला सांगितलं. ते गेले. डॉक्टरांनी तिसरं औषध जोडलं आहे. झटके थांबलेले नाहीत, पूर्वीइतके येत नाहीत. सून आता फुल्या वहीत करते, दर वेळी वही डॉक्टरांना दाखवते. तेलाबद्दल मात्र तिने अजून त्यांना काही सांगितलेलं नाही. सांगू का, म्हणून गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. मी म्हटलं, सांग. डॉक्टरला सांगणं हा गुन्हा नाही. तिने विचारलं, "नक्की?"