मुकादमाच्या यादीत नसलेली माणसं

२०११च्या जनगणनेत मी प्रगणक, म्हणजे घरोघर जाऊन माणसं नोंदवणारा होतो. पेशाने प्राथमिक शिक्षक, त्यामुळे हे काम आमच्याकडे येणार हे ठरलेलंच. माझ्या गटात बहुतेक वस्ती पक्क्या घरांची होती. कडेला मात्र, कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यालगतच्या मोकळ्या रानात, ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या तात्पुरत्या झोपड्या होत्या. आदल्या वर्षी उन्हाळ्यात घरयादी, म्हणजे घरांची नोंद झाली तेव्हा उसाचा गळीत हंगाम संपलेला आणि रान रिकामं. त्यामुळे माझ्या नजरी नकाशात, म्हणजे गटाच्या हाताने काढलेल्या नकाशात, तिथे काहीच नव्हतं. फेब्रुवारीत मात्र त्याच जागेवर बीडकडच्या टोळ्या उतरलेल्या होत्या.

गणनेचा काळ ९ ते २८ फेब्रुवारी. नियम असा, की या सगळ्या काळात जो माणूस आपल्या नेहमीच्या घरी नसेल, त्याला तो जिथे सापडेल तिथेच मोजायचं. या टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडून आलेल्या, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, परत जाणार नव्हत्या. म्हणजे मी त्यांना नोंदवलं नाही तर त्यांच्या गावचा प्रगणकही नोंदवू शकणार नव्हता. घराला कुलूप बघून तो पुढे जाणार.

दिवसा तिथे कुणी सापडत नाही. पहाटेच्या अंधारात फडात गेलेली माणसं गाडी भरूनच परततात. म्हणून मी दिवेलागणीला गेलो. टोळी घेऊन आलेला मुकादम भला माणूस होता. खाट टाकली, चहा सांगितला आणि म्हणाला, “गुरुजी, एकेका कोपीत कशाला वाकताय? माझ्या वहीत समदं हाय. बारा कोयते. लिहून घ्या.”

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या हिशोबाने दिलेली, मजुरी त्या हिशोबाने निघणार. वही चोख होती, पण ती तोडणाऱ्या हातांची होती. म्हातारी सासू, शाळा सोडून धाकट्यांना सांभाळायला आणलेली पोरगी, रांगतं लेकरू यातलं कुणीच तिच्यात नव्हतं. मी मुकादमाला तेच समजावलं आणि पहिल्या कोपीशी गेलो.

तिथे दार आडवून उभा राहिलेला माणूस रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. “सर, हितं नाव घातलं तर गावाकडचं रेशन जाईल का?” ही भीती मला त्या महिन्यात पक्क्या घरांतही भेटली होती, वेगवेगळ्या रूपांत: घरपट्टी वाढेल का, पोलिसांकडे जाईल का, भाडेकरू दाखवला तर घरमालक काय म्हणेल. उत्तर सगळ्यांना एकच. जनगणना अधिनियम १९४८ सालचा आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे हे भरलेले फॉर्म कुणालाही बघायला मिळत नाहीत आणि ते कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. मी माहिती फोडली तर शिक्षा मला. रेशनकार्डाशी या कागदाचा संबंध नाही, गावची मतदार यादीही त्याने हलत नाही. हे मी त्याला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा बोलताना आजूबाजूच्या कोप्यांतली माणसंही ऐकायला येऊन उभी राहिली.

मग तो सांगू लागला. मी, बायको, आई, थोरला मुलगा. चार. आईचं वय “साठ लावा”. पाच आणि शून्यावर संपणारी वयं लोक फार सहज सांगतात, आणि तशीच लिहीत गेलं तर देशाचा वयाचा हिशोबच वाकडा होतो. म्हणून मी म्हातारीलाच विचारलं, बहात्तरच्या दुष्काळात केवढ्या होता? ती लगेच बोलती झाली. खडी फोडायच्या कामावर होते, लग्न होऊन दोन वर्सं झालेली, थोरली लेक काखेत. लग्न सोळाव्या वर्षी. हिशोब सत्तावन्नच्या आसपास आला.

बायकोला मी नवऱ्याचं नाव विचारलंच नाही. रूढीमुळे जी बाई नवऱ्याचं नाव घेत नाही तिच्यावर ते सांगण्याची सक्ती करता येत नाही, हे याच कायद्यात लिहिलेलं आहे. मला त्याचं फार अप्रूप वाटतं. तिच्यासाठीचे प्रश्न वेगळे होते. आजवर मुलं किती झाली? तीन. हयात किती? दोन.

घरात मूल सांगितलं होतं एकच. मी मान वळवली तेव्हा कोपीच्या मेढीला बांधलेली लुगड्याची झोळी दिसली आणि तिच्यातून बाहेर आलेली टाच. काजळाचा ठिपका लावलेली.

“ही?”

“तिचं काय लिवायचं सर,” म्हातारी म्हणाली, “बारसं बी न्हाई झालं. रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशीची हाय.”

तान्ही मुलं अशीच गळतात. कुणी लपवत नाही. ती अजून माणसांत धरलेली नसतात. नाव नसलं तरी नोंद करायचीच असते, आणि तिथीमुळे जन्मतारीखही सापडली: ११ फेब्रुवारी. पाचव्या ओळीत मी तिला लिहिलं. लिंग स्त्री, वय शून्य वर्षं.

आई म्हणाली, “लिहून तिला काय मिळंल?” मी खोटी आशा दाखवली नाही. तिच्या नावाने काही येणार नव्हतं. पण किती माणसांमागे अंगणवाडी द्यायची, सपाट भागात ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामपंचायतीत सदस्य सात की सतरा, हे सगळं या मोजणीवरून ठरतं. गाव का सोडलं, हा रकानाही त्याच फॉर्मवर आहे. कामासाठी किती माणसं घर सोडून राहतात हे देशाला त्यातूनच कळतं. त्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली निघाल्या. २००१ मध्ये त्या ९१३ होत्या. घटत्या मुलींबद्दल राज्यभर जे बोलणं झालं ते या आकड्याच्या आधारावर. झोळीतली पोर न सांगणं म्हणजे त्या आकड्यातून आणखी एक मुलगी आपल्या हाताने वजा करणं.

यानंतर मुकादम स्वतः पुढे झाला. प्रत्येक कोपीशी थांबून हाक मारायचा, “लेकरं बी सांगा, म्हातारी बी सांगा.” रात्री उशिरा काम संपलं तेव्हा त्याच्या वहीतल्या बारा कोयत्यांच्या दुपटीहून जास्त माणसं माझ्या फॉर्मवर होती.

दोन वर्षांनी अन्नसुरक्षा कायदा आला. कोणत्या राज्यात किती लोकांना स्वस्त धान्य, हा कोटा २०११च्या लोकसंख्येवर बांधला गेला. पुढची जनगणना कोविडमुळे लांबली आणि तोच आकडा वर्षानुवर्षं चालत राहिला. तेव्हा जो मोजला गेला नाही, तो एवढी सगळी वर्षं हिशोबाबाहेर आहे.

आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून जनगणना होते आहे. यावेळी मोबाइलवर नोंद होईल, घरबसल्या स्वतः माहिती भरायचीही सोय आहे, आणि जातीचीही गणना आहे. मुख्य मोजणी पुन्हा फेब्रुवारीत, म्हणजे पुन्हा ऐन हंगामात. तुम्ही मुकादम असाल, कारखान्याच्या शेती विभागात असाल किंवा टोळी ज्या रानात उतरते त्याचे मालक असाल, तर तुमच्या भागातल्या प्रगणकाला कोप्या कुठे आहेत ते आधीच कळवा आणि सांजेला घेऊन जा. वीटभट्टीवर, बांधकामावर असाल तर तो आल्यावर आधी तान्ही आणि म्हातारी माणसं सांगा, मग कमावती.